खांदा

पात्याचं कौतुक सगळेच करतात.
मी आधी खांदा पाहतो.
पातं आणि मूठ जिथं भेटतात
तिथलं ते पेरभर पितळ,
ज्याला कॅटलॉगवाले बोल्स्टर म्हणतात
आणि गड्डीगोदामचा रज्जब मिस्त्री म्हणायचा, कंधा.
"वजन यहीं उतरता है, भाऊ.
पाता तो बस नाम का."

तेवीस होते माझ्याकडे.
मोतीबागच्या वर्कशॉपात, छोट्या लाईनीवर
तीस वर्षं फिटर.
पगार झाला की एक,
दिवाळीच्या आसपास एकही नाही.
सगळे जुन्या फ्लॅनेलात, बुटांच्या खोक्यात.
एकाच्या खांद्यावर कानशीनं काढलेले माशाचे खवले,
एकाला तीन आडव्या खाचा,
एक नुसताच फुगीर, कवडीसारखा,
आणि एकावर अर्धंच फूल.
मिस्त्रीला मधेच कुणी जेवायला हाक मारली असेल,
मग उरलेल्या पाकळ्यांची आठवण राहिली नसेल.

बायको म्हणते, घरात तेवीस चाकू
आणि कांदा मी विळीवर चिरते.
खरं आहे.
माझ्याकडे आल्यावर त्यांनी
पेन्सिलसुद्धा तासली नाही.

लाईट गेली की मी खोकं मांडीवर घेतो,
अंगठ्यानं ओळखतो एकेक.
खांदा झिजतो धरणाऱ्याच्या बाजूनं.
अकरावा डावखुऱ्याचा होता.
चौथ्याचा मालक फार जोरात धरायचा.
सोळावा कुणी कधी उघडलाच नव्हता,
माझ्याआधीही.

चोविसावा दिसला कळमन्यात.
आंबिया बहाराचे ढीग लागलेले,
गिरजाबाई निखाडे पेट्यांची सुतळी कापत होती.
तिच्या मुठीतून डोकावत होता एक राघू:
पितळेत ठोकलेला तांब्याचा ठिपका, तो डोळा,
आणि पात्याकडे वळलेली चोच.
असा एकच केला, रज्जबनं सांगितलं होतं.
कुणाला दिला, ते नाही.

मी पाचशे म्हणालो. मग हजार.
संत्रं फिरवून पाहतात
तसं तिनं मला पाहिलं.
"इकीन, अन् सुतळी का दातानं तोडू जी?"

मग दर शनिवारी जायचो.
डझनभर संत्री घ्यायची,
चाकू हातात घ्यायचा,
परत द्यायचा.
असे सहा बहार.
राघूची चोच बुजत गेली,
एक डोळा सपाट झाला.
माझा असता तर फ्लॅनेलात...
असो.

यंदा तिनंच पुढे केला.
"पाहा बरं, हालून राहिला हा. तुम्ही मिस्त्री हाव ना?"
आतला खिळा झिजला होता,
पातं दुधाच्या दातासारखं डुगडुगत होतं.
त्या जाडीचा खिळा आता इतवारीतही मिळत नाही.
कुठं मिळेल, ते मला माहीत होतं.
ऑटोत बसून घरी येईपर्यंत
दुसरं काही सुचतं का, पाहत राहिलो.

सोळावा काढला.
खिळ्याचं डोकं कानशीनं उडवलं,
पंच लावून ठोकला, आणि तो बाहेर आला
इतक्या सहज, की मला थोडा रागच आला.
टेबलावर पडली कमानी, पातं,
मुठीच्या दोन फाका,
आणि नवाकोरा खांदा.
"हा चांगल्यातला होता ना तुमचा?"
बायकोनं टॉर्च धरला होता.
हो म्हणालो.
राघूच्या पोटात खिळा बसवला,
हलक्या हातानं ठोके दिले,
मधे मधे थांबून, पातं उघडून पाहत.

शनिवारी गिरजाबाईनं चाकू कानाशी नेला,
उघडला, मिटला.
कमानी बोलली.
तिनं समोरच्या पेटीची सुतळी सर्रकन कापली,
वरची दोन संत्री माझ्या पिशवीत टाकली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बावीस आहेत आता माझ्याकडे.
सोळाव्याचं पातं बायकोनं उचललं,
बुडाला चिंधी गुंडाळली,
भेंडी चिरते त्यानं.
बरं चालतं म्हणाली,
इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं?